मधले चार पाय

ठोक्याला स्वतःचं खरं नाव फक्त फॉर्म भरताना लागायचं. एरवी तो सगळ्यांचा ठोक्याच. पत्र्याची कामं करायचा: टाक्या, धुराडी, हॉटेलच्या स्वयंपाकघरातले ओटे. नाव ताईनं ठेवलेलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ताई सतरा. ती दिवसभर शिवणयंत्रावर बसलेली असायची आणि हा तिच्या पायाशी बसून रिकाम्या डब्यांवर दणादण हातोडी चालवायचा. ताईनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, शाळा त्याला मानवेना म्हटल्यावर एका चांगल्या कारागिराच्या हाताखाली दिलं. स्वतःचं लग्न तिनं उशिरा केलं, ह्याचे हात कमावते झाल्यावर.

तिचा नवरा, म्हणजे भावोजी, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि एक जुनं गोदाम घेऊन बिअर बनवायला सुरुवात केली. "पोरांच्या डोक्यात वीस वर्षं काही मुरलं नाही, निदान पिंपात तरी मुरेल," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

काम तसं समजायला सोपं. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची, मोठ्या स्टीलच्या पिंपात गरम पाण्यात तासभर भिजवायची, मग तिचा गोड रस खालच्या तोटीतून काढून घ्यायचा. पण भरडा रसाबरोबर खाली आला तर तोटी तुंबते. म्हणून पिंपाच्या तळावर चार बोटं जागा सोडून बारीक भोकांच्या पत्र्याचा दुसरा तळ बसवतात. भरडा त्याच्यावर राहतो, रस खाली झिरपतो. ह्याला भावोजी 'खोटा तळ' म्हणायचे. तो ठोक्यानं केला होता. दोन अर्धगोल पत्रे मधोमध जोडून, खाली स्टीलच्या सळीचे पाय लावून.

पाच वेळा सगळं नीट झालं. सहाव्या वेळी भावोजींनी जरा कडक बिअर करायची म्हणून भरडा नेहमीच्या दीडपट घातला. सकाळी दहाच्या सुमारास पंप सुरू केला. रस आला, गढूळ झाला, बारीक झाला आणि थांबला. त्यांनी पंप बंद केला, तोटीला लावलेली पंपाची नळी सोडवली, आत सळई घालून बघितलं. काहीच येईना. अजून जरा ढोसलं, आणि आत अडकलेला बोळा एकदम सुटला. सत्तर अंशांची ती पेज मांड्यांवर आदळली आणि खाली ओघळून गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत भरली.

बुटांनीच घात केला. नुसतं अंगावर सांडलं असतं तर वाहून गेलं असतं. ताई बाटल्यांना लेबलं लावत होती, ती धावत आली, त्यांच्यावर पाण्याचा पाइप धरला आणि बूट ओढून काढले. बुटांबरोबर काय काय निघालं ते तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही.

ठोक्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा भावोजींना इंजेक्शन दिलेलं होतं. डोळे अर्धवट मिटलेले. त्याला बघून म्हणाले, "माझंच चुकलं रे. पंप जोरात सोडला, त्या ओढीनं तळ बसला असणार. तुझं काम खराब केलं मी."

"असू द्या भावोजी," ठोक्या म्हणाला. "पडून राहा तुम्ही."

ताई खिडकीशी उभी होती. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली. "घाई," ती म्हणाली. "जन्मभर ह्या माणसाला घाई. नोकरी सोडायची घाई, दीडपट करायची घाई." मग ठोक्याकडे वळून म्हणाली, "तू गोदामात जा आणि ते सगळं उपसून टाक. मला तो वास नको."

पिंप उपसायला त्याला दुपार झाली. फावड्यानं चोथा काढून बादल्या भरल्या, पाणी मारलं, आणि मग खोटा तळ दिसला. मधोमध जोडावर तो परातीसारखा खोल बसला होता. जोड उसवला होता, आणि त्या फटीतून भरडा खाली जाऊन तोटीत बसला होता. ठोक्यानं दोन्ही तुकडे बाहेर काढून उलटे केले. कडेला आठ पाय, जागच्या जागी, ताठ. मध्ये एकही नाही.

मध्ये चार हवे होते. भावोजींनी काढलेल्या चित्रात होते. कडेला आठ, मध्ये चार, एकूण बारा. ताईच्या स्वयंपाकघरात बसून चित्र काढलं होतं, ताट उपडं ठेवून गोल आखला होता, आणि भावोजींनी मधले चार लाल पेनानं रंगवले होते. "जोड मध्ये आहे, तिथंच सगळा भार येणार," असं दोनदा सांगितलं होतं. ठोक्यानं कडेचे आठ सपासप लावले. मधल्या चारांची गोष्ट वेगळी होती. पिंपाचा तळ जरा खोलगट असल्यामुळे मधले पाय लांब हवे होते, शिवाय प्रत्येक वेगळ्या मापाचा. पिंपात उतरायचं, माप घ्यायचं, सळी कापायची, घासायची, परत उतरून बघायचं. चार वेळा. त्यानं पत्र्यावर मूठ आपटून बघितली. पत्रा घट्ट वाटला. 'हत्ती उभा केला तरी हलायचा नाही,' असं स्वतःशी म्हणाला, तळ पिंपात बसवला आणि भावोजींना सांगितलं, "झालं." भावोजींनी वाकून वरून बघितलं. खाली बघायचं त्यांना सुचलंही नाही. बायकोचा भाऊ होता तो.

ठोक्या ते दोन तुकडे समोर ठेवून ओल्या जमिनीवर बसला. थोड्या वेळानं ताई कपडे न्यायला आली.

"काय झालं होतं आत?" तिनं दारातूनच विचारलं.

"वाकलाय."

"पंपानंच ना?"

ठोक्यानं मान डोलावली. नुसती मान. ताई गेली, आणि त्यानं ते तुकडे पायांची बाजू भिंतीकडे करून उभे केले, रिकाम्या पोत्यांमागे.

पुढचे तीन आठवडे ठोक्या माणसांत नव्हता. रोज हॉस्पिटलात जायचा, डबा पोचवायचा, ताईला घरी सोडायचा. भावोजींच्या पायांना पाठीची कातडी काढून लावली. उजव्या पायाची धरली, डाव्याची धरेना. ताप चढायचा. पट्ट्या बदलायच्या वेळी नर्स बाहेर काढायची, पण आवाज बाहेर यायचाच. दोन वर्गांना एका दमात गप्प करणारा तो माणूस लहान पोरासारखा "नको नको" म्हणायचा. ठोक्या जिन्यात जाऊन कानांवर हात ठेवायचा. हात काढले की आवाज चालूच असायचा.

त्याहून वाईट होतं ते ताईचं बोलणं. ती सेवा करायची आणि बोलायची. तोंड पुसता पुसता, चमचा भरवता भरवता. "कोणी सांगितलं होतं दीडपट करायला? माझं कधी ऐकलंस?" भावोजी एकदाच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." ठोक्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला वाटलं, आत्ता सांगावं. त्यानं रिकामा डबा उचलला आणि तो धुवायला निघून गेला.

घरी त्याचं जेवण सुटलं. एका हॉटेलवाल्याच्या ओट्याला वेल्डिंग करताना दोन ठिकाणी जाळून भोकं पाडली, तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणाला, "दुसऱ्याकडं न्या." मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असावं. सांगितलं तर ताई गेली. न सांगितलं तर ताई रोज त्या माणसाला टोचणार, आणि तो रोज ऐकून घेणार.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील असं सांगितलं. ताईनं सही केली. बाहेर येऊन बाकावर बसली आणि ठोक्याला म्हणाली, "शनिवारी मी गोदामाच्या चाव्या मालकाला परत देतेय. पिंप, पंप, जे कोणी उचलेल त्याला देऊन टाकू."

"भावोजींना विचारलंस?"

"विचारायचं काय? तो परत घाई करणार. ह्या वेळी पाय गेले, पुढच्या वेळी जीव जाईल. त्याला ते काम झेपत नाही, ठोक्या. झेपत नाही हे त्यालाही कळलंय. काल मला म्हणाला, मी कशातच धड नाही."

ठोक्या उठला. "मी उद्या गोदामात असेन," म्हणाला. "तू दुपारी ये."

"कशाला?"

"ये तू."

दुसऱ्या दिवशी ताई आली ती खोकी आणि दोरी घेऊनच आली. बाटल्या भरायच्या होत्या. ठोक्यानं गोदामाचं मोठं दार पूर्ण उघडून ठेवलं होतं, आणि दारातल्या उजेडात ते दोन अर्धगोल उलटे मांडून ठेवले होते.

"हे काय?"

"मोज," ठोक्या म्हणाला.

"काय मोजू?"

"पाय."

ताईनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली. तिनं मोजले. ओठ हलत होते. मग ती वाकली आणि मधल्या जोडावरून बोट फिरवलं. जोडालगत, पाय यायचे तिथं, पत्रा गुळगुळीत होता. वेल्डिंगचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

"बारा होते," ती म्हणाली. "चित्रात बारा होते. ताट मी दिलं होतं आखायला."

"हो."

"तुटून पडले?"

"लावलेच नाहीत."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत राहिला. तो थांबल्यावर ताईनं विचारलं.

"का?"

ठोक्यानं तीन आठवडे ह्या प्रश्नाची उत्तरं जुळवली होती. सळी संपली होती, पत्रा जाड होता, इतरांच्या तळांना एवढे पाय नसतात. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"कंटाळा आला होता, ताई."

ताई मटकन खोक्यावर बसली. खोकं तिच्याखाली दबलं. ठोक्याला वाटलं ती मारेल. लहानपणी मारायची, आणि मग स्वतःच रडायची. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे," ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "तीन आठवडे मी त्याला बोलतेय. कातडी सोललेल्या माणसाला. आणि तू समोर उभा राहून ऐकत होतास."

"ताई..."

"ताई म्हणू नकोस." ती उठली. "मला नको सांगूस. त्याला जाऊन सांग. आत्ता. मी दारात उभी राहीन, नाहीतर तू अर्ध्या वाटेवरून पळशील."

रिक्षात दोघं शेजारी बसले, पण मध्ये तिनं पिशवी ठेवली होती.

भावोजी उशीला टेकून बसले होते. ठोक्या खाटेजवळ गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. चार वाक्यं. मध्ये थांबला असता तर पुढचं निघालं नसतं. "मधले चार पाय मी लावले नव्हते. पंपानं काही झालेलं नाही. बारा असते तर दीडपट भरडा तळानं सहज पेलला असता. चूक तुमची नव्हती."

भावोजी शिक्षक माणूस, आधी गणित मांडलं असावं. मग म्हणाले, "म्हणजे मी रस जास्त वेगानं ओढला नाही."

"नाही."

"मी रोज रात्री ते आकडे परत परत मांडतोय. कुठं चुकलो ते सापडेना मला." त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाणी रागाचं होतं की सुटल्याचं, ते ठोक्याला कळलं नाही. "तू ह्या खोलीत रोज येत होतास."

"हो."

"जा आता," भावोजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

ठोक्या बाहेर आला. ताई आत गेली. दार लोटलेलं होतं. आतून तिचं रडणं आणि भावोजींचं "अगं, असू दे, असू दे" एवढंच ऐकू आलं. तो घरी गेला नाही. पायांनी त्याला गोदामातच नेलं.

त्यानं जुना तळ भंगारात टाकला आणि आपल्या कामाच्या जागेवरून वेल्डिंगचं सामान आणि बारीक भोकांचा नवा पत्रा आणला. पत्रा त्याच्याकडे एकच होता, कोणाच्या तरी कामासाठी आणलेला. तो बिघडला तर दुसरा यायला दहा दिवस लागणार होते आणि शनिवारला दोनच दिवस उरले होते. त्यानं गोल आखला, पुसला, परत आखला. कापताना श्वास रोखून धरला. कडा कानशीनं घासल्या. मग पायांची वेळ आली. पहिला टाका फसला, पत्रा तापून एका बाजूला ओढला गेला. ठोक्या लाकडी हातोड्यानं तो हळूहळू सरळ करत बसला आणि करता करता हुंदके देऊन रडला. आवाजाला आवाज मिसळला, कुणाला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी दारात ताई उभी होती. हातात खोकी नव्हती.

"तो म्हणतो, चाव्या द्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "मलाही द्यायच्या नाहीत. किती झालंय?"

"कडेचे आठ. मधल्यांची मापं घ्यायचीत. तळ खोलगट आहे, पट्टी नीट बसत नाही."

ताईनं पिंपात डोकावून बघितलं. तशीच निघून गेली, आणि ठोक्याला वाटलं, संपलं. अर्ध्या तासानं ती डब्यात घट्ट मळलेली कणीक घेऊन आली. चार उंच गोळे केले आणि पिंपाच्या तळावर जिथं पाय यायचे तिथं ठेवले. "आता वरून तळ बसव. गोळे जेवढे दबतील तेवढी उंची. ब्लाउजच्या बाहीचं माप मी असंच कापडावरून घेते, पट्टीवरून नाही."

त्यांनी तळ बसवला, उचलला. चारही गोळे वेगवेगळ्या उंचीचे झाले होते. ठोक्यानं एकेक सुरीनं अलगद सोडवला, मोजला, तेवढी सळी कापली. ताई शेजारी उभी राहून बघत होती. दुसरी सळी त्यानं केसभर आखूड कापली, ती तिनं उचलून कोपऱ्यात भिरकावली. तो दुसरी कापायला लागला. जेवायच्या वेळी तिनं डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला. नजर दुसरीकडे ठेवून.

चार पाय लागले. तळ पिंपात बसला, फट राहू नये म्हणून कडेला रबरी नळी चिरून बसवली. मग ताई म्हणाली, "उतर."

ठोक्या पिंपात उतरला आणि तळाच्या बरोबर मध्ये उभा राहिला.

"उडी मार."

त्यानं मारली. पिंप घंटेसारखं वाजलं. तळ हलला नाही. "अजून," ताई म्हणाली. तो उड्या मारत राहिला, चाळिशीचा माणूस, घामानं निथळत, आणि ताई पिंपाची कड धरून आत बघत राहिली. बास कधी म्हणायचं ते तिलाच कळत नव्हतं. शेवटी तो थकून खाली बसला तेव्हा तिनं कड सोडली.

पुढच्या आठवड्यात पहिला भरडा तिनं स्वतः भिजवला. भावोजी फोनवर होते, खाटेवरून सांगत होते. भरडाही दीडपट, तोच. ठोक्या कोपऱ्यात उभा होता, ताईनं सांगितलं होतं म्हणून. तोटीपाशी जायची वेळ आली तेव्हा तिचा हात थबकला. फोनमधून भावोजींचा आवाज आला, "एकदम नको. पाव. पावच उघड." तिनं पाव उघडली. आधी गढूळ पाणी आलं. गढूळ, गढूळ, आणि मग पातळ मधासारखा स्वच्छ रस, एकसारखी धार, न थांबता.

"आलं का?" फोनमधून विचारलं. "अगं, सांग की. आलं का?"

ताई तोटीवर हात ठेवून त्या धारेकडेच बघत राहिली. शेवटी ठोक्याच पुढं झाला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आलंय भावोजी. स्वच्छ आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

भावोजी अडीच महिन्यांनी घरी आले आणि आणखी महिन्यानं काठी टेकत गोदामात. तोटी उघडली की ते अजूनही दोन पावलं मागं सरायचे. म्हणून भिजवायचं काम ताईकडेच राहिलं आणि तिला ते त्यांच्याहून चांगलं जमायला लागलं. ठोक्या आठवड्यातून एकदा चोथा उपसायला यायचा. घरी जेवायला त्याला अजून कोणी बोलावलेलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी पिंप रिकामं झाल्यावर भावोजी म्हणाले, "तळ बाहेर काढ."

ठोक्यानं काढला, धुतला, उलटा करून टेबलावर ठेवला. भावोजी चष्मा लावून वाकले आणि एकेका पायावरून बोट फिरवत गेले. एका पायाशी थांबले.

"हा तिरका आहे."

ठोक्यानं वाकून बघितलं. केसभर तिरका होता खरा.

"चालेल तसा," ताई मागून म्हणाली.

"नाही चालणार," भावोजी म्हणाले. ठोक्याकडे बघून म्हणाले, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे. "काढ आणि परत लाव. मी बसतो इथं."

त्यांनी स्टूल ओढलं आणि दुखरा पाय सांभाळत टेबलाजवळ बसले. ठोक्यानं ग्राइंडर उचलला.